गुंडाळून ठेवलेली सायकल

घणसोली गावातल्या कुठल्याही गल्लीत उभं राहून मान वर करून पाहा. एकमेकींना खेटलेल्या चार-पाच मजली इमारती, खिडक्यांना बाहेर काढलेल्या लोखंडी जाळ्या आणि त्या जाळ्यांत घरात न मावणारं सगळं सामान. पाण्याचा ड्रम, कोरफडीची कुंडी, मोडका पाळणा. त्यातच कुठेतरी एक गिअरची सायकल दिसते. जाड टायर, रुंद हँडल, पुढच्या चाकाला दोन नळ्यांचा शॉकअप. अंगावर प्लॅस्टिक आणि त्यावर सुतळी.

यातल्या बऱ्याच सायकली लॉकडाऊनच्या काळातल्या. सायकल उत्पादकांच्या अखिल भारतीय संघटनेचे आकडे तेव्हा पेपरात आले होते. मे २०२० मध्ये देशात साधारण साडेचार लाख सायकली विकल्या गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अकरा लाखांच्या वर. मग ऑफिसं उघडली, लोकल सुरू झाल्या, मुलांचे क्लास सुरू झाले आणि सायकली जाळीत गेल्या. काहींचे मालक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेले, काहींचे दुसऱ्या देशात.

माझ्या आपाच्या घरची सायकल त्याच्या थोडी आधीची. थोरल्या भाच्याने ती २०१८ साली घेतली, एमआयडीसीतल्या पहिल्या नोकरीच्या पगारातून पैसे साठवून. हवेवर चालणारा शॉकअप असलेली चांगली माउंटन बाइक. २०२१ मध्ये तो दोह्याला गेला. जाताना अम्मीला बजावून गेला, ‘‘कुणाला हात लावू देऊ नका. मी आलो की चालवीन.’’ आपाने सायकल धुतली, पुसली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि गॅलरीत उभी केली. त्यावरून चार पावसाळे गेले.

आता धाकटा नववीत आहे. त्याचे मित्र रविवारी सकाळी सायकली घेऊन गवळीदेवच्या डोंगराकडे जातात. यालाही जायचं आहे. घरात नटबोल्टशी खेळणारा मी एकटाच, म्हणून आपाचा फोन मला आला. तिच्या शंका दोन होत्या. भावाची वस्तू भावाला न विचारता द्यायची का? आणि दिली तर उतारावर ती दगा तर देणार नाही ना?

दुसरी शंका पहिलीपेक्षा मोठी आहे. ब्रेक लागला नाही तर मुलगा निदान पाय टेकवायचा प्रयत्न करतो. उतारावर पुढचा शॉकअप अडकला किंवा तुटला तर तेवढाही वेळ मिळत नाही. माणूस हँडलवरून थेट तोंडावर पडतो.

पहिल्या शंकेचं उत्तर आपल्या घरांत सगळ्यांना माहीत असतं. अमानत मालकाच्या परवानगीशिवाय वापरायची नाही आणि ती राखण्यात हयगय करायची नाही. हयगय नसताना वस्तू बिघडली तर राखणाऱ्याकडे भरपाई मागता येत नाही, हयगय झाली असेल तर येते. आपाने पहिला भाग अक्षरशः पाळला होता. दुसऱ्या भागासाठी प्लॅस्टिक पुरेसं आहे असं तिला वाटत होतं. बहुतेकांना तसंच वाटतं. शॉकअपच्या बाबतीत ते खरं नाही, आणि का नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

पुढचा शॉकअप म्हणजे फोर्क. जुने सायकलवाले त्याला अजून चिमटाच म्हणतात. त्यात वरच्या दोन गुळगुळीत नळ्या खालच्या दोन पोकळ पायांत वर-खाली सरकतात. पायाच्या तोंडाशी रबरी सील असतं. ते धूळ आत जाऊ देत नाही आणि तेल बाहेर येऊ देत नाही. सीलच्या खाली तेलात भिजलेली फोमची रिंग असते आणि त्याच्याही खाली नळी सरळ ठेवणारी बुशिंग. एका पायात स्प्रिंग असते, स्टीलची किंवा दाबलेल्या हवेची. दुसऱ्या पायात, निदान चांगल्या फोर्कमध्ये, डॅम्पर असतो. त्यातलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं, म्हणून फोर्क दाबल्यावर उसळी न मारता सावकाश वर येतो.

यातलं वंगणाचं तेल किती असतं? एकेका पायात पाच ते वीस मिलिलिटर, म्हणजे चहाचे एक ते चार चमचे. एवढंसं तेल पुरतं, कारण सायकल चालत असते. प्रत्येक खड्ड्याला ते आत उडतं, फोमला भिजवतं आणि फोम नळीला ओलं ठेवतो.

सायकल थांबली की हे सगळंच थांबतं. तेल तळाशी बसतं. फोम वाळतो. रबराची कड नळीच्या एकाच जागी दाबून राहते आणि कडक होते. हवा सीलमधून महिनोन्‌महिने थोडीथोडी निसटत राहते. कंपन्या देखभालीचा हिशेब तासांत देतात. रॉकशॉक्सच्या पुस्तिकेत खालचे पाय उघडून साफ करायला ५० तास चालवल्यानंतरची वेळ सांगितली आहे. फॉक्स १२५ तास किंवा एक वर्ष म्हणते, जे आधी होईल ते. उभ्या सायकलचे तास वाढत नाहीत, म्हणून मालकाला वाटतं की काहीच देय नाही. पण फॉक्सच्या त्या ‘एक वर्ष’चा अर्थ हाच आहे की चाललं नाही तरी आतलं तेल आणि रबर म्हातारं होत असतं.

त्यात जागा घणसोलीची. पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि तिवरं, पूर्वेला रेल्वेपलीकडे कारखाने आणि डोंगर. खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. पक्ष्यांना मानवणारी ही खारट, दमट हवा धातूला मानवत नाही. गावातल्या कुठल्याही जाळीवर बोट फिरवा, तांबूस होतं. चांगल्या फोर्कचे खालचे पाय बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात. वजनाला हलके, पण मिठाशी त्यांचं अजिबात पटत नाही. जिथे रंग उडाला तिथे पांढरी भुकटी धरते. स्वस्त फोर्कच्या नळ्या स्टीलच्या असतात, त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे पडतात. असा एकेक खड्डा प्रत्येक हेलकाव्याला रबरावर कानस फिरवावी तसा फिरतो.

आणि प्लॅस्टिक? त्याने पाऊस अडवला, पण आतली दमट हवाही आतच कोंडली. रात्री गार झालं की ती घाम होऊन धातूवर बसते आणि वाळायला वाट मिळत नाही. उघडी ठेवली असती तरी वारा लागून थोडी सुकली असती.

सुतळी सोडली तेव्हा फोर्क तीन बोटं खाली बसलेला होता. हँडलवर जोर दिला तर आधी हललाच नाही, मग ‘टक्’ करून एकदम खाली गेला आणि तिथेच राहिला. सीलभोवती राखाडी खरपुडी होती. डाव्या नळीवर दोन पांढुरके डाग होते.

आधी एका मोठ्या सायकल दुकानात नेली. काउंटरवरच्या माणसाने फोर्कला हात न लावता सांगितलं, ‘‘आम्ही फोर्क उघडत नाही, नवीन टाका.’’ सांगितलेली किंमत सायकलच्या मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त होती. दुसऱ्या ठिकाणी एका मुलाने स्प्रेचा डबा उचलला. मी त्याचा हात धरला. गंज सोडवणारे स्प्रे उरलंसुरलं ग्रीस धुऊन काढतात. दोन दिवस नळी चमकते आणि मग सील आणखी कोरडं पडतं.

मग आम्ही गावातल्या मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये गेलो. यामागे कारण होतं. सायकलचा शॉकअप मुळात मोटारसायकलकडूनच आला आहे. अमेरिकेत पॉल टर्नर नावाचा मोटोक्रॉसच्या गाड्यांवर काम केलेला मेकॅनिक होता. त्याने १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनी काढली. पुढच्याच वर्षी डुरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि डाउनहिलची शर्यत ग्रेग हर्बोल्डने याच कंपनीच्या फोर्कवर जिंकली. म्हणजे ज्या माणसाने रोज दोन-चार बाइकचे ऑईल सील बदलले आहेत, त्याला हे काम परकं नाही.

गॅरेजच्या उस्तादांनी फोर्कभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, ‘‘हा तर गाडीचाच शॉकअप आहे, लहान केलेला.’’ मी कंपनीची पुस्तिका छापून नेली होती. ती त्यांनी नीट पाहिली. कारण एक फरक महत्त्वाचा आहे. इथे स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा असते. ती न सोडता खालचे बोल्ट काढले तर खालचा भाग उडून अंगावर येऊ शकतो. म्हणून पहिलं काम, वरच्या व्हॉल्व्हची टोपी काढून पिन दाबायची आणि हवा पूर्ण सोडायची. सोडूनही फोर्क खालीच ओढलेला राहिला, तर हवा आतल्या दुसऱ्या कप्प्यात अडकलेली असते. तसं असेल तर घरी पुढे जाऊ नये, जाणत्याकडे द्यावा. आमचा हाताने ओढल्यावर पूर्ण वर आला.

पुढचं काम क्रमाने सांगतो. कुणाला उपयोगी पडेल.

पुढचं चाक काढलं. उजव्या पायाखालचं रिबाउंडचं बटण ओढून काढलं. खालचे दोन्ही बोल्ट तीन-चार फेरे ढिले केले, पण काढले नाहीत, आणि त्यांच्या डोक्यावर रबरी हातोडीने हलके ठोके दिले, म्हणजे आतला दांडा सुटतो. मग बोल्ट काढून, खाली डबा धरून, खालचे पाय ओढून घेतले. डाव्या पायातून अर्धा चमचा तेल आलं, काळं आणि घट्ट, काकवीसारखं. उजव्यातून जवळपास काहीच नाही. फोमच्या रिंगा वाळून कडक झाल्या होत्या. बोटाने दाबल्या तर एकीचा चुरा झाला.

सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसलं. पेट्रोल वापरलं नाही, ते रबर खराब करतं. नळीवरच्या त्या डागांवर उस्तादांनी नखाची कड फिरवली. हा सोपा इम्तिहान आहे. नख अडकलं तर खड्डा खोल आहे, आणि तो सरकणाऱ्या भागात असेल तर नळी बदलावी. नख अडकलं नाही, डाग पुसल्यावर गेला, म्हणजे वरवरचा. आमचे दोन्ही गेले. मग क्राउनपाशी, म्हणजे दोन नळ्या जिथे जुळतात तिथे, आणि चाक बसतं त्या खाचांपाशी टॉर्च मारून भेगा पाहिल्या. तिथे केसाएवढी भेग असती तरी दुरुस्तीचा विषय संपला असता.

सील आणि फोमचा संच ऑनलाइन मागवून ठेवला होता. नवे फोम तेलात भिजवून बसवले. सीलच्या आतल्या कडेला शॉकअपसाठी मिळणारं पातळ ग्रीस लावलं. चाकाच्या छऱ्यांचं घट्ट ग्रीस इथे चालत नाही, फोर्क जड होतो. पाय परत चढवले, फोर्क आडवा करून खालच्या भोकांतून सिरिंजने पुस्तिकेत दिलं तेवढंच तेल घातलं, नवे वायसर टाकून बोल्ट आवळले. तेल जास्त घातलं तर फोर्क पूर्ण दबत नाही. बोल्ट जास्त आवळले तर आतल्या दांड्याचे आटे जातात. दोन्हीकडे मापानेच.

डॅम्पर आम्ही उघडला नाही. दाबल्यावर तो सारखा चालत होता, आवाज नव्हता, तेल गळत नव्हतं. तो चुळचुळ करू लागला किंवा रिबाउंडचं बटण फिरवून काही फरकच पडेना, तर ते काम माहितगाराकडेच द्यावं.

सगळं मिळून खर्च नव्या फोर्कच्या दहाव्या हिश्शातही आला नाही. शिवाय उस्तादांचा मुलगा पूर्ण वेळ शेजारी बसून पाहत होता. पुढच्या वेळी तो एकटा करील.

हे झालं चांगल्या फोर्कचं. गावातल्या बहुतेक गिअरच्या सायकलींना स्टीलच्या स्प्रिंगचा स्वस्त, जड फोर्क असतो. त्यात हवा नसते, बहुधा धड डॅम्परही नसतो. तो उघडून, साफ करून, ग्रीस लावून पुन्हा चालतो. पण नळ्यांवर गंजाचे खड्डे असतील, किंवा पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवल्यावर नळी पायात खडखडत असेल, तर त्यावर पैसे घालू नका. त्याच मापाचा साधा, बिनशॉकअपचा चिमटा बसवा. मुलं नाराज होतील. पण अडकणाऱ्या शॉकअपपेक्षा साधा चिमटा हलका आणि भरवशाचा. शाळेच्या रस्त्याला शॉकअपची गरजही नसते.

उस्तादांच्या गॅरेजमधूनच थोरल्याला व्हिडिओ कॉल लावला. आधी तो रागावला. ‘‘मामू, अम्मीला सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून?’’ मी काही बोललो नाही. कॅमेरा त्या डब्याकडे वळवला. आत ते काळं तेल आणि फोमचा चुरा. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘त्याचं वजन किती आहे आता?’’

प्रश्न अगदी बरोबर होता. फोर्कमधली हवा चालवणाऱ्याच्या वजनावर ठरते. थोरला पंच्याहत्तर किलोचा, धाकटा शेहेचाळीस. भावाच्या हवेवर धाकट्याने चालवली असती तर फोर्क दबलाच नसता आणि प्रत्येक दगड मनगटांनी सोसावा लागला असता. पायावर चिकटवलेल्या तक्त्यावरून सुरुवातीचा आकडा घेतला. ही हवा टायरच्या पंपाने भरता येत नाही, शॉकअपचा बारीक, जास्त दाबाचा पंप वेगळा असतो. तो एका ओळखीच्या सायकलस्वाराकडून आणला. मग धाकट्याला पेडलवर उभं केलं आणि नळीवरची रबरी रिंग किती सरकते ते मोजलं. साध्या डोंगरवाटांसाठी एकूण चालीच्या पंधरा ते वीस टक्के सरकावी. आमचा फोर्क १०० मिलिमीटर चालीचा, म्हणजे १५ ते २० मिलिमीटर. दोनदा हवा कमी-जास्त करून अठरावर आणली. आकडे थोरला तिकडून विचारत होता आणि धाकटा लिहून घेत होता.

परवानगी मिळाली, अटीसह. महिन्यातून एकदा नळ्यांचा फोटो पाठवायचा.

पहिले आठ दिवस धाकट्याने गल्लीत आणि स्पीड ब्रेकरवरच चालवली. त्यानंतर डोंगराच्या पायथ्यापर्यंत. आल्यावर नळीवर तेलाची पातळ ओल दिसली तर ठीक, थेंब ओघळले तर सील नीट बसलं नाही असं समजायचं. ओघळले नाहीत. त्यानंतरच उताराची परवानगी दिली, तीही ब्रेकच्या केबल बदलल्यावर.

कोकणात आमच्याकडे कुवेत-कतारला गेलेल्यांची घरं वर्षवर्ष बंद असतात. चावी शेजारच्या चाचांकडे असते. चाचा नुसती चावी सांभाळत नाहीत. महिन्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडतात, नळ सोडतात, पंखे फिरवतात, कौलं पाहतात. बंद घर कुजतं हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. शॉकअपलाही एवढंच हवं असतं.

तुमच्या घरी कुणाची सायकल ठेवलेली असेल तर प्लॅस्टिक काढा आणि जुनी सुती चादर घाला. जागा कोरडी, थेट ऊन न येणारी निवडा. महिन्यातून एकदा नळ्या आणि सीलची कड पुसा, तेलाचा एक थेंब बोटाने फिरवा, हँडलवर जोर देऊन दहा वेळा दाबा आणि पुन्हा पुसा. कधी एक रात्र सायकल उलटी ठेवा, म्हणजे तळाचं तेल फोमपर्यंत पोचतं. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर सरळ केल्यावर थोडा वेळ थांबा, लिव्हर दाबून पाहा आणि मऊ लागला तर नीट करून घेतल्याशिवाय निघू नका. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा नीट तपासा. आणि वर्षाहून जास्त उभी असेल तर फोर्क उघडून तेल बदलल्याशिवाय कुठल्याही मुलाला तिच्यावर उतारावर पाठवू नका.

मालक दूर असेल तर आधी त्याला फोन करा. परवानगी फक्त वापरायची मागू नका, उघडून पाहायचीही मागा.